ओटीवरचा जुना सायलेन्सर

सौ. सुंदरा हिस,

गिरणीवरून परतशील तेव्हा ओटीवर जुना सायलेन्सर दिसेल. तो भंगारात देऊ नये. शेजारची धोंडीबाई "गो, तुमची गाडी फुटली!" असे सांगत येईल, तरी घाबरू नये. चिरंजीव हितेशने आपल्या स्पोर्ट्स गाडीस बाहेरून मागवलेला हलका सायलेन्सर बसवला, त्याचाच तो गडगडाट.

जुना मला दोन्ही हातांनी जेमतेम उचलवला. नवा एका हातात तुझ्या कळशीसारखा आला. एवढी हलकी वस्तू एवढी गर्जते कशी, आणि गर्जणाऱ्यास सायलेन्सर का म्हणावे, हे कुतूहल मला आवरले नाही. दोनच आसनांची गाडी घेतली म्हणून दिवाळीपासून धरलेला अबोला विसरून मीच त्यास विचारून बसलो.

तो हसला. म्हणाला, "बाबा, नुसतं बघून काय कळनार नाय. बसा, घाटाकडं जाऊ."

सबब, ज्या गाडीत पाय ठेवणार नाही म्हणालो होतो, तिच्यातूनच घाटाच्या पायथ्याच्या वैशाखऱ्यापर्यंत जात आहे. परतल्यावर त्यास काही विचारू नये, मला तर मुळीच नको. आम्हा दोघांची ताटे मात्र आज एकत्र वाढावीत.

तुझा,
सावळाराम