दुसरी फेरी

१ तारीख, सोमवार. सकाळी ७.१०
नेटवर्क सिक्युरिटीची प्रमाणपत्र परीक्षा ३० तारखेला. प्रश्न ६०, मिनिटं ९०, सगळे बहुपर्यायी. पास झाले तर नोकरीचा करार वाढेल, नाहीतर त्याच दिवशी संपेल. हे सांगताना टीम लीड माझ्याकडे नाही, प्रिंटरकडे बघत होता. लाजाळू माणूस.
प्रकरणं १४. रोज एक. पंधराव्या दिवशी मी मोकळी.

४ तारीख, गुरुवार
प्रकरण १ चालू. पण लोक अभ्यासामुळे नाही, वेळेमुळे नापास होतात. शेजारच्या टेबलावरचा सीनियर गेल्या महिन्यात असाच गेला. जाताना स्वतःचा कप विसरला. ज्याला कप लक्षात राहत नाही, त्याला पोर्ट नंबर काय राहणार?
आधी वेळेचा तक्ता, मग प्रकरणं.

९ तारीख, मंगळवार
तक्ता तयार. चार रंग. पहिली फेरी: उत्तर येत असेल तर ४५ सेकंद, नसेल तर ५ सेकंदांत पुढे. दुसरी फेरी: सुटलेल्या प्रश्नांकडे शांतपणे परत.
आईने डोकावून विचारलं, अगं, अभ्यास करतेयस की रांगोळी काढतेयस? तिला पद्धत कळत नाही.

१५ तारीख, सोमवार
परीक्षा केंद्राच्या मेल सारख्या येतात. लक्ष उडतं. त्या आपोआप ‘नंतर वाचू’ फोल्डरमध्ये जातील अशी सोय केली. काम दोन मिनिटांचं, समाधान दिवसभराचं.
प्रकरण २, पहिली तीन पानं.

१८ तारीख, गुरुवार
ऑफिसातला टेस्टर, ज्याला सगळे खडूस म्हणतात, स्वतःहून टेबलापाशी आला. म्हणाला, अगं, परीक्षेचे नियम बदललेत, मेल वाचलीस का? वाचेन म्हटलं. तो म्हणाला, वाचेन म्हणणारा एक इथंच बसायचा. आणि त्या कपाकडे बोट दाखवलं.
दुर्लक्ष केलं. चुका काढण्याचाच पगार घेतो तो.

२२ तारीख, सोमवार
सराव. आई प्रश्न वाचते, मी स्वयंपाकघरातला टायमर लावते. ६० पैकी ५१ वेळा ‘पुढे’. सरासरी ४.६ सेकंद. कालच्यापेक्षा सुधारणा. आई म्हणाली, बाई, एखादं उत्तर तरी दे की! म्हटलं, ते दुसऱ्या फेरीत. दुसरी फेरी झाली नाही. गॅसवर दूध होतं.

२६ तारीख, शुक्रवार
ॲडमिनच्या बाईंनी माझ्या लॅपटॉपचा सिरीयल नंबर उतरवून घेतला. चार्जरचाही. टेबलावरची माझ्या नावाची पट्टी दिसत नाही. हुद्द्यासकट नवी करत असतील. ३० ला दुपारी ४ वाजता एचआरची मीटिंग, १५ मिनिटं, विषय रिकामा. अभिनंदनाला विषय कशाला लागतो?
फोल्डरमध्ये सात मेल. निकालानंतर एकदम वाचेन.

३० तारीख, मंगळवार. सकाळी १०.२०
केंद्राबाहेरच्या बाकावर.
पहिली फेरी तक्त्याबरहुकूम. नऊ उत्तरं, एक्कावन्न ‘पुढे’. प्रत्येक ‘पुढे’नंतर पडद्यावर लाल चौकट यायची, खाली ‘ठीक’. तिच्यावर एक सेकंदही दवडला नाही. अकराव्या मिनिटाला साठावा प्रश्न संपला. दुसऱ्या फेरीसाठी ७९ मिनिटं हातात. मान मोकळी केली, पाणी प्यायले, ‘मागे’चं बटण शोधलं.
पडद्यावर एकच ओळ होती. परीक्षा समाप्त.
पर्यवेक्षक बाईंना बोलावलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, अहो, या महिन्यापासून मागे जाता येत नाही. मेल आल्या असतील ना? आणि लाल चौकटीत तेच तर लिहिलेलं असतं.
एक्कावन्न वेळा.

सायंकाळी ६.१५
एचआरची मीटिंग चार मिनिटांत आटोपली. टीम लीड प्रिंटरकडे बघत होता.
आईने दार उघडलं. माझ्या हातातली पिशवी घेतली. टेबलावर एकेक वस्तू मांडली: तक्ता, टायमर, पुस्तक. मग पिशवीत पुन्हा हात घालून म्हणाली, आणि तुझा कप गं?