तृप्तीचं खरं वय

तृप्तीच्या पप्पांना नमस्कार,

तेरा वर्षांच्या पोरीला मोबाइलवरच्या गप्पांच्या ॲपवर खातं उघडता येईना, म्हणून मीच तृप्तीचं वय एकोणीस टाकलं. तिथं एका अनोळखी माणसानं गोड बोलून तिचा फोटो घेतला. आता आणखी मागून राह्यलाय. न्हाई दिले तर हा फोटो आपल्या वडीगोद्री गावभर पाठवीन म्हणतो.

आज तिला घेऊन पोलीस ठाण्यात गेल्ते. वाटलं, खोटं वय टाकलं म्हणून मलाच धरतील. पोलीसबाईंनी विचारलं, "पोरीचं खरं वय?"

"तेरा."

"मंग कायदा तिच्या बाजूनं आहे. पोरीचा काहीच गुन्हा न्हाई."

हे ऐकून तृप्ती हुंदके देऊन रडली.

तो माणूस अजून सापडला न्हाई. पण त्याच्याहून जास्त भीती मला तुमची वाटते. तुम्ही पुण्याहून याल आणि तिची शाळाच बंद कराल. म्हणून हे पत्र मी टाकणार न्हाई.

तुमची,
सुरेखा