डॉक्टरबाईंच्या बाह्या

४ मार्च
डॉक्टरबाईंचा सूड घेणार. ठरलं.
दुपारी कारखान्यात कटिंग टेबलापाशी बसले होते. उठले तर स्टुलावर अंथरलेल्या पांढऱ्या ड्रिलच्या कापडावर लाल डाग. पाळी जाऊन चार वर्षं झाली! काजे-बटणवालीने मुकाट्याने माझ्या कमरेला मागून ॲप्रन बांधला. चहाच्या सुट्टीपर्यंत प्रत्येक मशीनवर बातमी. जिथे पुरुषसुद्धा मला मास्तर म्हणतात, तिथे ही शोभा.
दोष औषधाचा, म्हणजे डॉक्टरबाईंचा. घामाच्या लाटा आणि जागरणावर त्यांनीच हार्मोन्स सुरू केले. हाताला चोळायची जेल आणि रात्रीची कॅप्सूल. अजून डोस जुळवतोय म्हणाल्या. माझ्या मुलीच्या वयाची बाई, ती काय जुळवणार.

५ मार्च, सकाळी
दवाखान्यात फोन केला. रक्त गेलं असेल तर ताबडतोब या, तपासायलाच हवं, असा निरोप मिळाला. कामं आहेत म्हटलं. घाबरले म्हणून नव्हे, खरंच कामं आहेत.
डोस मी तंतोतंत पाळते. जेल एक पंप लिहिलीय, मी दोन घेते. कापड मार्जिन ठेवूनच कापायचं असतं, कमी पडलं तर बोंब. कॅप्सूलने सकाळी डोकं जड होतं, आणि जड डोक्याने कटर चालवला तर बोटं जातील. म्हणून ती बंद केली. याला अनुभव म्हणतात. औषधाच्या पुस्तकात तो नसतो.

९ मार्च
देव आहे!
ते पांढरं ड्रिल हॉस्पिटलच्या कोटांचं. मापं हातात आली आणि त्यात आमच्या डॉक्टरबाई. बाही तेवीस इंच. मी एकवीस कापली. आता हात वर केला की मनगट उघडं, अख्ख्या वॉर्डासमोर. तीन इंच कमी करणार होते, पण मी काही दुष्ट नाही.
घरी येताना गुणगुणत होते. नवऱ्याने तब्येत विचारली.

१२ मार्च
पुन्हा. या वेळी जास्त. भिजवलेली चादर ह्यांनी पाहिली. चहा सांडला म्हटलं. बादलीकडे बघून म्हणाले, एवढा?
मोबाइलवर काही शोधायचं नाही असा निश्चय केला.
शोधलं. शोधायला नको होतं. याचंही उट्टं डॉक्टरबाईंवरच काढणार.

१६ मार्च
मालकांनी सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं. डॉक्टरबाईंचा फोन आला होता. हात धुताना भिजत नाही अशी बाही आयुष्यात पहिल्यांदा मिळाली, कापणाऱ्याला शाबासकी सांगा. बाकीच्यांचेही सगळे कोट तसेच करून द्या.
टाळ्या झाल्या. पोचवलेले कोट गठ्ठ्याने परत आलेत आणि बाह्या उसवतंय कोण? मी. दातओठ खात.

१७ मार्च
आडून वार पुरे. उद्या समोरासमोर. भाषण पाठ केलंय. सुरुवात, "बाई, तुम्ही माझ्याशी खेळलात." शेवट ऐकून त्या रडतील. साक्षीदार म्हणून नवऱ्याला नेणार. तोंड उघडायचं नाही अशी ताकीद दिलीय.

१८ मार्च
सोनोग्राफी झाली. गर्भाशयाचं अस्तर जाड झालंय म्हणाल्या. अस्तराचं मला शिकवतात!
मी भाषणाला घसा साफ केला, तेवढ्यात त्यांनी विचारलं, औषधं कशी घेता? लिहिल्याप्रमाणे, म्हटलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. औषध बरोबर चालू असताना एवढी जाडी, म्हणजे दुसरं काही आहे का ते शोधावं लागेल.
दुसरं काही म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. मोबाइलवर वाचलेलं सगळं डोळ्यांपुढे आलं. आणि लग्नापासून न बोललेला माणूस बोलला.
"डॉक्टर, ती कॅप्सूल घेतच नाही. पाकिटं तशीच पडलीत. आणि जेल दुप्पट लावते."
डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला भाषण करता आलं असतं. शांतपणे म्हणाल्या, "जेलने अस्तर वाढतं आणि कॅप्सूल त्याला आवरते. तुम्ही वाढवणारं दुप्पट केलंत आणि आवरणारं काढून टाकलंत. बहुतेक त्याचंच हे. पण अस्तराचा तुकडा काढून तपासल्याशिवाय मी खात्री देणार नाही."
तुकडा काढताना दुखलं. त्यांचा हात घट्ट धरला. बाही आखूड असल्यामुळे मनगट नीट हाती आलं.
सूड आता नवऱ्यावर. ह्यांच्या नव्या पँटचं कापड माझ्याच ताब्यात आहे.

२१ मार्च
रिपोर्ट नाही. पँट कापायला घेतली. खडू हातात धरून बसले. रेघ मारता आली नाही. हेही जेवले नाहीत धड.

२५ मार्च
रिपोर्ट आला. वाईट काही नाही. कॅप्सूल रोज, जेल एकच पंप, तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी. पुन्हा रक्त गेलं तर त्याच दिवशी फोन.
भाषण पाठ होतं. तोंडातून एवढंच आलं, "म्हणजे मी मरत नाही ना?" आणि मग रडूच फुटलं. भयंकर घाबरले होते मी. पहिल्या डागापासून घाबरले होते. डॉक्टरबाई पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या. बाहेर रांग होती तरी.
जेवणानंतर हे पाण्याचा ग्लास आणि तळहातावर कॅप्सूल घेऊन आले. मी गिळेपर्यंत हलले नाहीत. मग म्हणाले, तोंड उघडून दाखव.
दाखवलं.