वाऱ्याआधीचं वलय

१२ जुलै २००४
पोचलो एकदाचे. कोलोरॅडोतलं हे डोंगरावरचं जंगल फोटोत बघितलं त्याहून देखणं आहे, चारशे-चारशे वर्षांची स्प्रूसची झाडं. हर्नडन शहरातली नोकरी सुटल्यावर माझा व्हिसा वाचला तो गुरुनाथकाकांनी त्यांच्या जंगलावरच्या रिसर्च प्रोजेक्टवर घेतलं म्हणून. डॉक्टर म्हणू नको, काका म्हण, असं त्यांनी एअरपोर्टवरच सांगितलं. बरं वाटलं. केबिन त्यांची, बाहेर तंबू माझा. हायवे बावीस मैल लांब, जीपची किल्ली त्यांच्या खिशात.

१९ जुलै
काम आवडलं. बोअररने, म्हणजे पोकळ गिरमिटाने, खोडातून पेन्सिलीएवढी कांडी काढायची आणि भिंगाखाली वलयं मोजायची. एक वर्ष, एक वलय. सावलीत दबलेल्या झाडाची वलयं केसासारखी बारीक असतात. शेजारचा म्हातारा वृक्ष वाऱ्याने पडला किंवा भुंग्यांनी पोखरून मारला, की उजेड येतो आणि पुढच्या वर्षापासून वलयं रुंद होतात. काका म्हणतात, पडझडीशिवाय असं जंगल घडतच नाही. फार छान समजावतात. पोहे मात्र रोज मीच करते.

३ ऑगस्ट
डोकं फिरलंय. एका पडलेल्या झाडाचं शेवटचं वलय १९८७चं, पूर्ण भरलेलं, म्हणजे ते त्या वर्षाच्या शेवटी पडलं. भोवतीच्या सहा झाडांची वलयं मात्र १९८७पासूनच रुंद, ते पडायच्या आधीपासून. तीनदा मोजलं. काका न बघताच म्हणाले की आधी मोजायला शिक, आणि या सहांच्या तारखा एक वर्ष पुढे ढकल. मग हसत म्हणाले की तुमच्याकडच्या पोरांना ॲडमिशन मिळते, पण पाया कच्चाच राहतो. तुमच्याकडच्या. मी नागपूरची, घरात बाबासाहेबांचा फोटो. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला बरोबर कळलं. एकदा काका म्हणायला लावलं की माणसाला धड भांडताही येत नाही.

१४ ऑगस्ट
आणखी चार जागा तपासल्या. वारा असो, भुंगे असोत, सगळीकडे तेच. उजेड यायच्या आधीच ही झाडं वाढायला लागतात. त्यांना ठाऊक असतं.

२२ ऑगस्ट
केबिनच्या फळीवर रवीची २००२ची वही सापडली. माझ्या आधीचा असिस्टंट. तो इंडियाला परत गेला, असं काकांनी सांगितलं होतं. वहीत शेवटी लिहिलंय की तंबूभोवतीच्या आठ झाडांचं २००२चं वलय रुंद आहे. खाली एकच ओळ, तंबू हलवला, इथलीही रुंद झाली. पुढे कोरी पानं. आठही ठिकाणी २००२ खोडून २००३ केलंय, अक्षर काकांचं.
वही समोर टाकली तेव्हा म्हणाले की त्याच्या तंबूवर झाड पडून तो मेला, ॲक्सिडेंट होता, आणि दुसऱ्याच्या वह्या उघडू नयेत. चोर तो चोर वर शिरजोर. वही उचलून तंबूत घेऊन आले.

२९ ऑगस्ट
माझ्या तंबूभोवती पाच झाडं. पाचांचंही या वर्षीचं वलय आधीच्यांच्या चौपट. किल्ली मागितली. सीझन संपेपर्यंत नाही म्हणाले. व्हिसाच्या कागदावर सही हवी असेल तर गप काम कर, असंही.

३० ऑगस्ट
तंबू तळ्याकाठी हलवला. इथली वलयं केसासारखी आहेत. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

३१ ऑगस्ट, सकाळ
वारा सुटलाय. पुन्हा कांड्या काढल्या. तीच झाडं, कालच्या भोकाला लागून. रुंद. एका रात्रीत—

दुपार
चालत निघाले. सही गेली खड्ड्यात. दोन मैलांवर थांबून एक कांडी काढली, बारीक. पाणी प्याले. त्याच झाडाची पुन्हा काढली—

अजून वीस मैल. सगळं जंगलच. कुठे उभी राहू—

वर काहीतरी कडाडतंय. काका, ही वही तुमच्याच हाती लागेल. रवीचं खोडलंत, माझं खोडायचं नाही. मला मोजता येतं. वलय आधी, झाड नंतर. साल २००४. एक आकडा जरी—