गुंजीच्या मंथनचं पान

टिळकवाडी, बेळगाव
मंगळवार

तीर्थरूप नागेंद्रअण्णांस परशरामचा साष्टांग नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे सगळं ठीक, म्हणजे जयाबाईचा रक्तदाब आणि माझा स्वभाव, दोन्ही चढेच आहेत.

निवृत्तीनंतर मी इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशाचा प्रचालक झालो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. (बिनपगारी आणि फुल अधिकारी, असं जयाबाई म्हणते.) लोक पानं लिहितात, मी नको ती काढून टाकतो. आजवर एका आमदाराचा पुतण्या, एक मिसळीचं दुकान आणि माझा सख्खा व्याही, इतक्यांना मी निर्विकारपणे काढलं. आता वादात आलं ते गेल्या वर्षी निमलष्करी दलाच्या छावणीवर झालेल्या हल्ल्याचं पान. तीन जवान गेले, त्यातला एक तुमच्या शेजारच्या यशोदाआक्कांचा मंथन. या हल्ल्याला स्वतंत्र पान हवं, की मोठ्या यादीत एक ओळ पुरे, यावर आठवडाभर चर्चा चालली. एकाने लिहिलं, तीन म्हणजे फारच कमी. दुसऱ्याने दाखवून दिलं की पेपरात बातमी दोनच दिवस होती, तिसऱ्या दिवशी क्रिकेट. (वर्षानंतरही बातमी येत असेल तरच घटना उल्लेखनीय, हा नियम मीच केलेला. तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं होतं.) मला संताप येत होता, पण नियमही पाठ होता.

पुरावा शोधायला म्हणून मागच्या आठवड्यात गुंजीला आलतो, तुम्ही नेमके खानापूरला गेला होता. आक्कांनी ट्रंकेतून कात्रणं काढली. मोजून चार, आणि त्यातल्या एकात पोराचं नाव मंजुनाथ छापलेलं. मी समजावून सांगितलं, की बरेच लोक मंथनचं पान काढायचं म्हणतायत, तुमचं काय मत? त्यांनी पदराने डोळे पुसले.

"काढा की रं. मी दर अमुशाला काढतो. वळख ना पाळख, आन् माणसं माझ्या पोराचं पान काढालेत म्हणतोस, लई बरं वाटलं बघ."

(त्यांच्या डोळ्यांपुढे अमावास्येला गेलेल्याच्या नावाने वाढून ठेवतात ते केळीचं पान, त्यावर भात आणि वांग्याची भाजी.) मी तोंड उघडायला हवं होतं. चहा प्यालो. तेवढ्यात आक्कांनी तुमच्या सूनबाईंना हाक मारली, आणि प्रियदर्शनीने मोबाइलवरून चर्चेत शब्दाला शब्द लिहून टाकलं, 'मी मंथनची आई. पान काढा.' मग काय, आईच म्हणते तर वाद मिटला, असं सगळ्यांनी लिहिलं.

निकाल मला येत्या शनिवारी द्यायचा आहे. अण्णा, मी पान ठेवणार. नियम गेला खड्ड्यात. आक्कांकडची कात्रणं तेवढी पाठवून द्या, लाज वाटते पण पुन्हा त्यांच्यापुढे उभं राहवत नाही. लहानांना आशीर्वाद.

तुमचा परशराम

ता. क. कात्रणं पाठवू नका. शनिवारचं वर लिहिलं ते खोटं, निकाल मी परवाच दिला. नियम माझाच होता, मोडायचं धैर्य झालं नाही. वर लिहिलंय तसं करायचं होतं, एवढं मात्र माना.

आणखी एक. खरं तर याच्यासाठीच पत्र लिहिलं. आक्का तुम्हाला विचारतील. त्यांना एवढंच सांगा, पान काढलं.