आईचे चोवीस चौकोन

गुंडागाय
१८ सप्टेंबर २००६

चि. कार्मेल हिस,
अ. उ. आ.

गुडघा बरा आहे, पाऊस नाही, ओव्हनची काच बदलली. बातम्या संपल्या. आता मुद्द्यावर येते.

शेजारच्या मॉरीनने प्रदर्शनातला तुझा फोटो दाखवला. छातीवर पहिल्या नंबरची निळी फीत, मागे गोधडी. मी आधी गोधडी ओळखलीच नाही. मग आईच्या निळ्या झग्याचा तुकडा दिसला, तोही अर्धाच. म्हणजे तू आईचे चौकोन कापलेस! नऊ-नऊ तुकडे जोडून तिने चोवीस शिवले, गोधडी व्हायच्या आत गेली. बारा तुला, बारा मला. माझे गेली अकरा वर्षं कापूर घालून गुंडाळून ठेवलेले आहेत. तू मात्र ते उभे-आडवे चिरलेस, फिरवून उलटसुलट जोडलेस, आणि परीक्षकबाई म्हणे टाळ्या वाजवत होत्या. मी पस्तीस वर्षं गोधड्या पाठवते आहे. मला दोनदा तिसरा नंबर, आणि एकदा संत्र्याच्या मार्मलेडचं प्रशस्तिपत्र.

आईची लाडकी होतीस म्हणून तिच्या हातच्या वस्तूवर कात्री चालवायचा हक्क मिळत नाही. मॉरीन म्हणाली, मी जळते आहे. मी तिला आधी स्वतःचा केक फुगतो का ते बघायला सांगितलं.

लोभ आहे, पण सध्या जेमतेम.
बर्नाडेट


वागा वागा
२४ सप्टेंबर

ती. बर्नाताईस,
सा. न. वि. वि.

कात्री नव्हे, गोल पात्याचा कटर. बाकी सगळं मुकाट ऐकून घेतलं.

पहिल्या चौकोनावर पातं दोनदा ठेवलं आणि दोनदा उचललं. चुकलं तर दुसरी आई कुठून आणू? मधोमध फिरवलं, तर करकर आवाज आला. आई प्रत्येक तुकडा कागदाच्या साच्यावर शिवायची, आठवतं? गोधडी पुरी होईपर्यंत कागद काढायचे नाहीत, ही तिची शिस्त. ते अस्तराआड आतच राहिले होते. ओढून काढले तर तुझं अक्षर! नन्सनी घोटून घेतलेलं, सगळं एका उंचीचं. तू बोर्डिंगमधून लिहिलेली पत्रं. बाराही चौकोनांत तूच, ताई.

नर्सिंग शिकताना मी सिडनीहून दर रविवारी पत्र टाकायचे. त्यातलं एक अक्षर नाही. आई गेल्यावर घर आवरताना तुलाही काही सापडलं नव्हतं. आता सांग, लाडकी कोण? फीत लावून घरी आले आणि ओट्याशी उभी राहून रडले. तूच एकटी जळतेस असं समजू नकोस.

कागद सोबत पाठवते. एकावर ‘आई, मला घरी’ एवढंच आहे. पुढचं माझ्या वाट्यात नाही.

जेमतेम का होईना, लोभ असू दे.
कार्मेल


गुंडागाय
२ ऑक्टोबर

चि. कार्मेल हिस,
अ. आ.

कागद पोचले. दोन दिवस मी आईशीही बोलले नाही, फोटोकडे पाठ करून जेवले. मुलीच्या पत्रांचे साचे कापतं का कोणी?

मग मॉरीनचा कटर मागून आणला. पहिला चौकोन वेडावाकडा चिरला गेला, हसू नकोस. सातव्यात पुढचं सापडलं. ‘न्यायला येऊ नकोस, मी मजेत आहे.’ ते धादांत खोटं होतं. बोर्डिंगच्या सिस्टर आमची पत्रं वाचून मगच पाठवायच्या.

आणखी एक खोटं आहे, ते माझ्या एकटीचं. घर आवरताना आईच्या कपाटात बिस्किटांचा डबा निघाला होता. त्यात तुझी सगळी पत्रं, रविवारामागून रविवार लावलेली, एकालाही कात्री न लागलेली. माझी पत्रं तर कुठेच नव्हती. मी डबा उचलला आणि शिवणाच्या मशीनखाली सरकवला. गेली अकरा वर्षं त्यावर पाय ठेवून शिवते आहे.

डबा पार्सलने येतो आहे. झाकण माझ्या टाचेने चेपलं आहे. वर माझे चिरलेले सात चौकोन आणि न चिरलेले पाच ठेवलेत. मला ते जुळवता येत नाहीत, तू जुळव. पुढच्या प्रदर्शनाला दोघींची नावं घाल, माझं आधी. फीत मिळाली तर ती माझ्या घरी राहील.

राग सोडून लोभ कर, तुला जमेल तेव्हा.
बर्नाडेट