दिपाली, कामिनीला नदीवर बोलवू नकोस

चि. दिपाली,

तू तापीत बुडालीस, तरी तुझ्या नावाआधीचं ‘चि.’ माझ्याच्यानं गाळवलं नाही.

या जानेवारीत तुझ्या धाकट्या बहिणीचे पाय पांढरेफटक पडले. कातडी सुरकुतली होती आणि चिमटा घेतला तरी कामिनीला कळत नव्हतं. मी तिला शहाद्याला डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी पाय हातात घेऊन विचारलं, “रोज गार पाण्यात किती वेळ उभी असतेस?”

मी म्हटलं, ती घरातच असते. कामिनी मात्र हळूच बोलली, “मी पहाटले नदीवर जास. ताई पानीमा उभी शे. तिले एकली कशी सोडू?”

डॉक्टरबाईंनी तिचे पाय हलकेच खाली ठेवले. मग म्हणाल्या, “बर्फच लागतो असं नाही, गार पाण्यातही पाय असे बधिर होतात. शेकू नका, चोळू नका. कोरडे करून उशीवर ठेवा, पांघरुणाची ऊब पुरे. पाय लाल होऊन ठणकतील, तेव्हा घाबरू नका.”

दोन दिवसांनी पाय लाल झाले. पोर कळांनी रडली आणि मला हायसं वाटलं.

काल पहाटे ती झोपेत असताना मी नदीवर गेले, पाण्यात उतरले. पाणी झोंबत होतं. फक्त माझ्या शेजारी, एक माणूस उभं राहील एवढ्या जागेत, ते कोमट होतं. मी हात घातला आणि तिथंच धरून ठेवला.

पोरी, कामिनी अजून लहान आहे, तिला जगू दे. सोबत हवी असेल तर मला हाक मार. मी येईन.

तुझी,
आई